चीजच्या प्रादेशिक दुग्धशाळा: मालकी आणि भेटीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रादेशिक चीज कशाला म्हणतात?

ज्या चीजचे नाव एका ठरावीक भूभागाशी कायद्याने बांधलेले आहे आणि ज्याचे दूध, जनावरांची वैरण, करण्याची पद्धत व मुरवण्याचा किमान काळ हे सर्व नियमांत लिहिलेले आहे, त्याला प्रादेशिक चीज म्हणतात. फ्रान्समधील रोकफोरला असे संरक्षण १९२५ मध्ये मिळाले, तर कोंते आणि रब्लोशाँ यांना १९५८ मध्ये. अमेरिकेत ही व्यवस्था जवळपास नाही. तेथे प्रदेशाची ओळख एखाद्या दुग्धशाळेच्या किंवा सहकारी संस्थेच्या नावावर उभी असते. मालकीचा विचार करताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो, कारण नाव प्रदेशाचे असेल तर ते कोणा एकाला विकत घेता येत नाही, आणि कंपनीचे असेल तर ते गावापासून आणि दुधापासून सुटे करून विकता येते.

गायी, दुग्धशाळा आणि तळघर यांचा मालक एकच असतो का?

बहुतेक ठिकाणी नसतो, आणि पाहुण्यांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

फ्रान्सच्या पूर्वेकडील जुरा डोंगरांतले कोंते हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. गायी शेतकरी कुटुंबांच्या असतात आणि त्यांत तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मॉन्तबेल्यार्द जातीच्या गायी सर्वाधिक. गावची दुग्धशाळा, जिला तेथे ‘फ्रुइतिएर’ म्हणतात, ती बहुतांशी त्याच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची असते आणि चीज करणारा कारागीर त्या संस्थेकडे नोकरीला असतो. तयार झालेली ढेप मात्र काही आठवड्यांनी तेथून हलते आणि मुरवण्याचा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याच्या तळघरात जाते. म्हणजे एकाच ढेपेवर तीन जणांचा हात फिरतो, आणि पाहुणा यांपैकी कोणत्या टप्प्यावर पोहोचला आहे यावर त्याला काय दिसणार हे ठरते.

ही रचना गरजेतून उभी राहिली. सुमारे ४० किलोच्या एका ढेपेला ४०० लिटरच्या आसपास दूध लागते. मोजक्या गायी बाळगणाऱ्या कुटुंबाकडे एका दिवसात एवढे दूध कधीच जमत नसे, आणि बर्फाने रस्ते बंद होणाऱ्या प्रदेशात दूध टिकवण्याचा दुसरा चांगला मार्गही नव्हता. म्हणून शेजाऱ्यांनी दूध एकत्र केले. जुरामध्ये अशा एकत्र दुधाच्या खुणा तेराव्या शतकापासून सापडतात. आजचे नियमही त्याच जुन्या घडणीला धरून आहेत: एका दुग्धशाळेने दूध गोळा करण्याचे वर्तुळ २५ किलोमीटर व्यासाचे, गायींना मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा) देण्यास बंदी, धार काढण्यासाठी यंत्रमानव वापरण्यास बंदी, आणि किमान १२० दिवसांचे मुरवण. यांतला वर्तुळाचा नियम आम्हाला सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो. दूध लांबून आणताच येत नसल्यामुळे सर्व गावांच्या दुग्धशाळा बंद करून एकच अवाढव्य कारखाना उभारणे कोणालाही शक्य होत नाही. म्हणूनच आजही सुमारे दीडशे दुग्धशाळा टिकून आहेत.

स्वित्झर्लंडच्या खेड्यांत आणखी एक प्रकार आढळतो. इमारत आणि उपकरणे शेतकऱ्यांच्या संस्थेची असतात, परंतु चीज करणारा नोकर नसून त्यांच्याकडून दूध विकत घेणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो. चीज फसले तर नुकसान त्याचे. अशा ठिकाणी कारागिराशी बोलताना दुधाच्या प्रतीविषयी तो किती काटेकोर आहे हे लगेच जाणवते.

मुरवणारा वेगळा का असतो? शेतकऱ्यानेच ढेप का मुरवू नये?

मुख्य कारण पैसा. दुधाचे पैसे शेतकऱ्याला दर महिन्याला हवे असतात आणि ढेप विकली जाते वर्ष-दोन वर्षांनी. मधल्या काळात भांडवल फळीवर अडकून पडते, शिवाय ढेपा उलटणे, घासणे आणि मिठाच्या पाण्याने पुसणे चालूच असते. इटलीत पार्मिजानो रेज्जानो या कठीण चीजच्या बाबतीत यावर एक निराळाच तोडगा निघाला आहे. तेथील क्रेदेम ही बँक मुरत असलेल्या ढेपा तारण म्हणून आपल्या गोदामात ठेवून घेते आणि त्यांवर दुग्धशाळांना कर्ज देते. ढेप मुरताना तिचे मोल वाढत जाते, त्यामुळे हे तारण बँकेलाही परवडते.

शेतावर केलेले चीज आणि दुग्धशाळेत केलेले चीज यांतला फरक कसा ओळखावा?

फ्रान्समध्ये ‘फेर्मिए’ हा शब्द पाहावा. त्याचा अर्थ, ज्या शेतावर दूध निघाले त्याच शेतावर, केवळ आपल्याच जनावरांच्या दुधाचे केलेले चीज. साव्हुआ भागातील रब्लोशाँवर ही खूण फारच सोयीची आहे: सालीवर हिरवी चकती असेल तर चीज शेतावरचे आणि तांबडी असेल तर अनेक शेतांच्या दुधाचे, दुग्धशाळेतले. शेतावरचे रब्लोशाँ दिवसातून दोनदा, प्रत्येक धारेनंतर लगेच, दुधाला अजून कासेची ऊब असतानाच लावले जाते.

तांबडी चकती म्हणजे दुय्यम माल, असे मात्र मानू नये. चांगल्या सहकारी दुग्धशाळेतला कारागीर रोज अनेक कळपांचे दूध हाताळतो आणि त्याचा अनुभव एकाच कळपावर काम करणाऱ्यापेक्षा पुष्कळदा मोठा असतो.

पार्मिजानोच्या सालीवर प्रत्येक दुग्धशाळेचा क्रमांक ठिपक्यांनी उमटवलेला असतो. कोणत्या गावात, कोणत्या संस्थेत ही ढेप झाली हे त्यावरून शोधता येते. युरोपातील इतर कोणत्याही चीजच्या वेष्टनावर एक लंबगोल शिक्का असतो, ज्यात देशाची अक्षरे आणि कारखान्याचा क्रमांक दिलेला असतो. पुढच्या बाजूला कुरण, लाकडी घर आणि म्हाताऱ्या शेतकऱ्याचे चित्र कितीही सुंदर असले, तरी माल कोठे तयार झाला किंवा बांधला गेला हे हा शिक्काच सांगतो. प्रवासाचा बेत आखण्यापूर्वी तो क्रमांक शोधून पाहावा. चित्रातले ठिकाण आणि क्रमांकाचे ठिकाण शेकडो किलोमीटर दूर असू शकते.

सहकारी दुग्धशाळा म्हणजे लहानशी, घरगुती संस्था का?

नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्यातली टिलामुक ही संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. ती आजही शेतकरी कुटुंबांच्या मालकीची आहे आणि तिचे चीज देशभर विकले जाते. समुद्रकाठच्या टिलामुक गावातील तिच्या पाहुणा-केंद्राला वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक भेट देतात. तेथील नवी इमारत २०१८ मध्ये उघडली. परंतु संस्थेचे बरेचसे चीज त्याच राज्याच्या पूर्वेकडील कोरड्या प्रदेशात, बोर्डमन येथील कारखान्यात होते. समुद्रकाठच्या हिरव्या कुरणांमधून गाडी चालवत आलेल्या पाहुण्याच्या मनात जे चित्र तयार होते, त्यात बोर्डमन सहसा नसते. संस्थेची मालकी खरोखर शेतकऱ्यांची आहे, हे खरेच. तरीही मालकीचे स्वरूप आणि उत्पादनाचे स्वरूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

व्हरमाँट राज्यातील कॅबटची कथा अशीच बोलकी आहे. १९१९ मध्ये ९४ शेतकऱ्यांनी दर गायीमागे पाच डॉलर आणि बॉयलरसाठी जळाऊ लाकूड असे देऊन गावची दुग्धशाळा विकत घेतली. १९९२ मध्ये ती ॲग्री-मार्क या मोठ्या सहकारी संस्थेत विलीन झाली. मालकी शेतकऱ्यांकडेच राहिली, फक्त ते शेतकरी आता एका गावचे नसून अनेक राज्यांतले आहेत.

मोठ्या कंपनीने दुग्धशाळा विकत घेतली तर काय बदलते?

याचे एकच उत्तर नाही, परंतु इंग्लंडमधील यॉर्कशरच्या हॉज गावात जे घडले त्यातून पुष्कळ कळते. तेथील वेन्स्लीडेल दुग्धशाळा १९३० च्या दशकात बंद पडण्याच्या बेतात असताना स्थानिकांनी पैसे उभे करून वाचवली. पुढे ती दूध विपणन मंडळाकडे आणि मग त्याच मंडळातून निघालेल्या डेअरी क्रेस्ट या कंपनीकडे गेली. मे १९९२ मध्ये डेअरी क्रेस्टने ती बंद केली आणि उत्पादन शेजारच्या लँकशरमध्ये हलवले. ज्या दरीच्या नावाने चीज ओळखले जाते त्या दरीतच ते होईनासे झाले आणि तेही यॉर्कशरचे लोक ज्याला परंपरेने प्रतिस्पर्धी मानतात त्या परगण्यात गेल्यामुळे संताप आणखी वाढला. काही महिन्यांतच तेथल्याच माजी व्यवस्थापकांनी एका स्थानिक उद्योजकाच्या साथीने दुग्धशाळा विकत घेतली, जुन्या कामगारांना परत बोलावले आणि नाताळापूर्वी काम पुन्हा सुरू केले. दोन वर्षांत त्यांनी पाहुण्यांसाठी केंद्र उघडले. दूध आणि चीज यांच्या जोडीला पर्यटन हा उत्पन्नाचा दुसरा पाय तेव्हापासून रोवला गेला. २०१३ मध्ये ‘यॉर्कशर वेन्स्लीडेल’ या नावाला भौगोलिक संरक्षणही मिळाले.

त्यानंतर २०२१ मध्ये कॅनडाच्या सापुटो कंपनीने ही दुग्धशाळा २.३ कोटी पौंडांना विकत घेतली. दोनच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, याच सापुटोने डेअरी क्रेस्टही विकत घेतली होती. ज्या घराण्याने १९९२ मध्ये दुग्धशाळेला कुलूप लावले, त्याच घराण्याच्या छत्राखाली ती ३० वर्षांनी परतली. आता मात्र परिस्थितीत एक मोठा फरक आहे. संरक्षित नावामुळे हे चीज त्या नावाने दरीबाहेर करता येत नाही, आणि केंद्रावर येणारे हजारो पाहुणे हे मालकाच्या दृष्टीने दुग्धशाळा जागच्या जागी ठेवण्याचे भक्कम कारण आहे. आमच्या मते गावाला मिळालेले खरे संरक्षण हेच: मालकाच्या सद्भावनेपेक्षा नावाचा कायदा आणि दारात येणारी माणसे अधिक विश्वासार्ह असतात.

कॅलिफोर्नियातही असेच व्यवहार झाले. सायप्रस ग्रोव्ह ही शेळीच्या चीजसाठी प्रसिद्ध असलेली दुग्धशाळा २०१० मध्ये आणि काउगर्ल क्रीमरी २०१६ मध्ये स्वित्झर्लंडच्या एमी कंपनीकडे गेली. एमी शेअर बाजारात नोंदलेली आहे, परंतु तिचे निम्म्याहून अधिक भाग मध्य स्वित्झर्लंडमधील दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडे आहेत. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्याच्या दुधावर मिळालेल्या नफ्याचा मोठा वाटा शेवटी आल्प्समधील शेतकऱ्यांच्या संस्थेकडे जातो. ‘बहुराष्ट्रीय कंपनी’ आणि ‘शेतकऱ्यांची संस्था’ हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

रोकफोरची तळघरे कोणाची आहेत?

रोकफोर करणारे अवघे सात उत्पादक आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा, सोसिएते, लॅक्टालिस या जगातल्या सर्वांत मोठ्या दुग्ध कंपन्यांपैकी एकीच्या मालकीचा आहे. बाकीचे त्यामानाने लहान आहेत आणि त्यांच्याही तळघरांपैकी काही पाहता येतात. ढासळलेल्या कोंबालू डोंगराच्या पोटात ही तळघरे आहेत. खडकातल्या नैसर्गिक भेगांमधून गार, ओलसर हवा सतत वाहते आणि त्या हवेवरच चीजमधली निळी बुरशी पोसली जाते. भेगेसमोर हात धरला की ती हवा स्पष्ट लागते. मालक कोणीही असो, तो डोंगर दुसरीकडे नेता येत नाही.

मालकाला पुढची पिढी नसेल तर दुग्धशाळेचे काय होते?

विकली जाते, बंद पडते, किंवा तेथेच शिकलेल्या माणसांकडे जाते. यांतला तिसरा मार्ग दुर्मीळ आहे आणि म्हणूनच विस्कॉन्सिनमधील अपलँड्स या शेताचा उल्लेख करावासा वाटतो. तेथील ‘प्लेझंट रिज रिझर्व्ह’ हे चीज फक्त गायी कुरणात चरत असतानाच्या महिन्यांत केले जाते आणि अमेरिकन चीज सोसायटीच्या स्पर्धेत ते २००१, २००५ आणि २०१० असे तीनदा सर्वोत्तम ठरले. संस्थापक कुटुंबांनी निवृत्त होताना शेत बाहेरच्या कंपनीला न देता, तेथेच काम करणाऱ्या तरुण चीज कारागिराला आणि कळप सांभाळणाऱ्याला विकले.

चीज होताना पाहायचे असेल तर किती वाजता जावे?

सकाळी, आणि वाटते त्याहून लवकर. दुपारी दोन वाजता पोहोचणाऱ्याला धुतलेली फरशी आणि रिकाम्या कढया दिसतात.

पार्माच्या आसपासच्या दुग्धशाळांत आदल्या संध्याकाळचे दूध रात्रभर उथळ हौदांत ठेवून त्यावरची साय वेगळी करतात आणि ते सकाळच्या ताज्या दुधात मिसळून घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढयांत ओततात. आदल्या दिवशीची आंबवलेली निवळी हेच विरजण. रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) घातल्यावर थोड्याच मिनिटांत दूध घट्ट होते आणि कारागीर तारांच्या मोठ्या रवीने ते तांदळाच्या दाण्याएवढे बारीक करतो. या वेळी त्याच्याशी बोलण्याचा प्रयत्न करू नये. तो अधूनमधून मूठभर दाणे उचलतो, तळहातावर दाबतो, बोटांनी सुटे करून पाहतो आणि तेवढ्यावरून कढई कधी थांबवायची ते ठरवतो. कढई सुमारे ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर दाणे तळाशी बसून त्यांचा एक जड गोळा होतो. मग दोघे मिळून तो तागाच्या कापडात वर उचलतात आणि सुरीने त्याचे दोन भाग करतात. एका कढईतून दोन जुळ्या ढेपा निघतात.

दुधाला सुट्टी नसल्यामुळे अनेक दुग्धशाळा रविवारीही चालतात, परंतु पाहुण्यांना घेतीलच असे नाही. आधी नोंदणी करूनच जावे.

तळघरात पाहण्यासारखे काय असते? ढेपा तर नुसत्या पडून असतात.

आम्हाला विचाराल तर संपूर्ण भेटीतला सर्वोत्तम भाग हाच. जुरातील साँ-आंत्वान हा एकोणिसाव्या शतकातला लष्करी किल्ला १९६६ पासून कोंते मुरवण्यासाठी वापरला जात आहे आणि त्याच्या दगडी कमानींखाली सुमारे एक लाख ढेपा स्प्रूस झाडाच्या लाकडी फळ्यांवर मुरतात. आत पाऊल टाकताच अमोनियाचा उग्र दर्प नाकात चढतो, मग हळूहळू त्यामागून लोणी, भाजलेले शेंगदाणे आणि ओल्या दगडाचा वास उलगडत जातो. ढेपा उलटण्याचे काम आता यंत्रे करतात. पारख मात्र माणूसच करतो: तो छोट्या पोकळ नळीने ढेपेतून बारीक कांडी काढतो, हुंगतो, चिमूटभर चाखतो आणि उरलेली कांडी पुन्हा भोकात बसवून वरून बोट फिरवतो.

पार्मिजानोच्या ढेपेला बारा महिने झाले की पारखी छोट्या हातोडीने तिच्या सर्व बाजूंवर ठोकून आवाज ऐकतो. आत पोकळी किंवा चीर असेल तर आवाज फुटका येतो आणि अशा ढेपेच्या सालीवरील नावाच्या खुणा खरवडून काढल्या जातात. ते काम पाहण्याची संधी मिळाल्यास सोडू नये.

उन्हाळी कुरणांवरच्या चीजचे वेगळेपण काय? तेथे जाता येते का?

जाता येते, पण पायी चढण्याची तयारी हवी. स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतातील लेतिव्हा हे चीज फक्त १० मे ते १० ऑक्टोबर या काळात, उंचावरच्या कुरणांतील लाकडी घरांत, तांब्याच्या कढईखाली लाकडाचा जाळ करून केले जाते. सुमारे सत्तर कुटुंबे ते करतात. ग्रुयेर या प्रसिद्ध स्विस चीजच्या तेव्हाच्या नियमांमुळे दर्जा घसरतो आहे असे वाटल्याने त्यांच्या आधीच्या पिढीने १९३० च्या दशकात वेगळी वाट धरली आणि गावात सामाईक तळघर बांधले. २००० मध्ये हे स्वित्झर्लंडमधले पहिले संरक्षित नावाचे चीज ठरले. कळप आणि घर प्रत्येकाचे आपापले, तळघर सर्वांचे. एवढी सुटसुटीत मालकी इतरत्र क्वचितच दिसते.

काचेआडून कारखाना दाखवणारे मोठे केंद्र निवडावे की लहान शेत?

लहान मुले, वृद्ध माणसे किंवा पावसाळी दिवस असेल तर मोठे केंद्र. वरच्या सज्जातून संपूर्ण क्रिया दिसते, माहिती नीट लिहिलेली असते आणि आगाऊ नोंदणीची कटकट नसते. एरवी लहान शेत निवडावे. तेथे दिसते थोडे, परंतु प्रश्नाचे उत्तर तोच माणूस देतो ज्याचे पैसे त्या ढेपेत गुंतलेले आहेत.

भेटीच्या वेळी स्वच्छतेचे कोणते नियम पाळावेत?

टोपी, डगला आणि बुटांवरची आवरणे देतात, ती घालावीत. त्याच दिवशी दुसऱ्या गोठ्यात जाऊन आला असाल तर तसे आधी सांगावे आणि बूट धुऊनच आत जावे. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली तेव्हा ग्रामीण भागातील पायवाटासुद्धा लोकांसाठी बंद कराव्या लागल्या होत्या, त्यामुळे शेतकरी याबाबत कडक असतात आणि ते योग्यच आहे. जनावरांना हात लावल्यावर, विशेषतः मुलांनी, साबणाने हात धुवावेत. जंतुनाशक द्रव त्याला पुरेसा पर्याय नाही.

न तापवलेल्या दुधाचे चीज चाखणे सुरक्षित आहे का?

दीर्घकाळ मुरलेल्या कठीण चीजमध्ये पाणी कमी आणि मीठ अधिक असल्यामुळे धोका फारच कमी असतो. मऊ, ताज्या चीजबाबत मात्र गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी दूर राहावे, कारण लिस्टेरिया या रोगजंतूचा धोका खरा आहे. अमेरिकेत न तापवलेल्या दुधाचे चीज किमान ६० दिवस मुरवणे बंधनकारक आहे.

शाकाहारी पाहुण्यांनी काय विचारावे?

रेनेट कोणते, हे. पार्मिजानो आणि कोंते यांत वासराच्या जठरातले रेनेटच वापरले जाते. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक दुग्धशाळा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरतात आणि वेष्टनावर तसे लिहितात.

दुग्धशाळेतच खरेदी केली तर शेतकऱ्याला अधिक पैसे मिळतात का?

दुकान शेताचे किंवा सहकारी संस्थेचे असेल तर मिळतात, कारण मधला व्यापारी आणि त्याचा नफा गळतो. कंपनीच्या केंद्रातील दुकानात मात्र तुमचा पैसा कंपनीकडे जातो आणि शेतकऱ्याला करारातला दुधाचा भाव तेवढा मिळतो. विकत घेताना दुधाचा भाव कोण ठरवते हे विचारायला संकोच करू नये. सहकारी दुग्धशाळांत हा प्रश्न बहुधा आनंदाने ऐकला जातो आणि त्यावरचे उत्तर चीजच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा सविस्तर असते.

भाव नेहमीच स्वस्त असेल अशी अपेक्षा करू नये. फरक पडतो तो निवडीत: बाजारात सहसा न पोहोचणाऱ्या जास्त मुरलेल्या ढेपा, एकाच हंगामातल्या ढेपा, किंवा दिसायला वाकड्या पण चवीला उत्तम असलेले तुकडे येथेच मिळतात. दोन वेगवेगळ्या महिन्यांत केलेल्या ढेपांचे तुकडे मागून ते शेजारी ठेवून चाखावेत. उन्हाळी कुरणावरच्या दुधाची ढेप पिवळसर असते आणि हिवाळ्यात वाळलेल्या गवतावर पोसलेल्या गायींच्या दुधाची फिकट.